सही-शिक्क्यापुरती ओजेटी करू नका

डिसेंबर-जानेवारीत माझ्या ऑफिसात बी.कॉम. आणि एम.कॉम.ची मुलं कॉलेजचं पत्र घेऊन येतात. पत्रातला मजकूर सगळ्यांचा सारखाच: विद्यार्थ्यास आपल्या आस्थापनेत ऑन जॉब ट्रेनिंगची (ओजेटी) संधी द्यावी. मी सांगलीत कर सल्लागार आहे. जीएसटी, आयकर आणि लहान व्यापाऱ्यांच्या हिशोबाची कामं करते, आणि दर वर्षी या मुलांपैकी एक-दोघांना ठेवून घेते. पण बरीच मुलं खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, "मॅडम, रोज यावं लागेल का?" त्यांना सही-शिक्का हवा असतो. माझ्याकडे नाही मिळाला तर ओळखीच्या मेडिकलमध्ये, मामाच्या ट्रेडिंग कंपनीत, कुठेतरी मिळतोच.

मला याचं फार वाईट वाटतं. तालुक्याच्या गावात वाढलेल्या मुलाला एखाद्या चालत्या ऑफिसच्या आत बसून काम बघायची, चुकायची आणि चूक दुरुस्त करून घ्यायची ही बहुतेक वेळा पहिली संधी असते. ज्यांच्या घरात कुणी नोकरदार आहे त्यांच्या कानावर यातलं थोडंफार पडलेलं असतं. बाकीच्यांसाठी ओजेटीचे हे तासच.

किती तास, ते आधी नीट बघा. नव्या शैक्षणिक धोरणातून आलेली ही ओजेटी बहुतेक ठिकाणी चार क्रेडिटची आहे. एका क्रेडिटला 30 तास, म्हणून 120 तास. रोज सहा तास धरले तर 20 दिवस होतात. तुमच्या विभागाचं परिपत्रक मात्र मित्राच्या तोंडून ऐकू नका, स्वतः वाचा: तास सलग भरायचे की लेक्चर सांभाळून, डायरीचा नमुना कुठला, अहवाल केवढा, तोंडी परीक्षा आहे का, आणि कॉलेजनं आधी मंजुरी दिलेलीच जागा चालते का. शेवटचं विसरून काम सुरू केलं तर नंतर तास मोजायला कुणी तयार होत नाही.

कुणाकडे जायचं

जागा निवडताना बाकी सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: इथं माझं काम रोज कोण तपासणार? नाव घेऊन उत्तर आलं, "आमच्या अकाउंटंट मॅडम बघतील, संध्याकाळी पाच वाजता", तर ती जागा चांगली. "ये की, बस, बघ काय चाललंय ते" असं उत्तर आलं तर तिथं तुम्ही 20 दिवस बसाल आणि बघाल, एवढंच.

ऑफिस मोठं की छोटं याला मी फार किंमत देत नाही. पुण्यातल्या एखाद्या कंपनीचं नाव बायोडेटावर छान दिसतं, हे खरं. पण तिथं राहायची सोय, मेस, प्रवास यांचा खर्च घरच्यांनी उचलायचा आणि काम काय, तर कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये फोन नंबर भरायचे. त्यापेक्षा विटा, तासगाव किंवा मिरजेतलं पाच माणसांचं ऑफिस बरं. तिथं खरेदीचं बिल येण्यापासून कराचं रिटर्न (विवरणपत्र) भरण्यापर्यंतचं अख्खं काम एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना डोळ्यांनी दिसतं. घरबसल्या करायच्या ऑनलाइन इंटर्नशिपबद्दलही माझं हेच मत आहे: पलीकडून काम तपासून परत पाठवणारा माणूस असेल तर जरूर करा, नुसते व्हिडिओ बघून सर्टिफिकेट मिळणार असेल तर करू नका.

आपल्या भागात केवढ्या जागा आहेत, याचा मुलं विचारच करत नाहीत. वाणिज्यची मुलं फक्त बँक आणि सीएचं ऑफिस एवढंच धरून बसतात. पण पतसंस्था आहेत, साखर कारखान्यांची शेती आणि अकाउंट खाती आहेत, मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या अडती आहेत, शीतगृहं आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. मिरजेत एवढे दवाखाने आहेत. त्यांच्या बिलिंग विभागात विम्याचे दावे आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं कशी चालतात, हे शिकलेल्या मुलाला पुढे काम मिळायला अडचण येऊ नये. बी.ए.च्या मुलांना तर वाटतं की आपल्यासाठी काहीच नाही. इतिहासवाल्यांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे. सार्वजनिक वाचनालयं आहेत. तिथं ग्रंथनोंदणीचं काम कायम तुंबलेलं असतं, आणि 2019च्या महापुरानंतर भिजलेली पुस्तकं वाळवणं, दुरुस्त करणं म्हणजे काय, हे सांगू शकणारी माणसंही आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कारागिरांच्या नोंदी, भोपळ्यांची खरेदी, ऑर्डरींचा पत्रव्यवहार हे समाजशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या मुलीला पुरून उरेल एवढं काम आहे. तुमच्या विभागप्रमुखांना हे सुचलं नसेल तर तुम्ही जाऊन सुचवा. मंजुरी आधी घ्या.

हंगाम बघून जा

हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा सविस्तर सांगते. प्रत्येक धंद्याचं आपलं कॅलेंडर असतं, आणि तुम्ही कोणत्या महिन्यात जाता यावर तुम्ही काय शिकणार हे ठरतं.

माझ्यासारख्या ऑफिसात महिन्याची ठरलेली चाल आहे. 11 तारखेपर्यंत विक्रीचं रिटर्न म्हणजे जीएसटीआर-वन जातं, 14 तारखेला खरेदीची माहिती दाखवणारा टूबी हा तक्ता तयार होतो, 20 तारखेपर्यंत थ्रीबी हे रिटर्न भरून कर जमा करायचा. लहान, तिमाही रिटर्नवाल्यांच्या तारखा थोड्या वेगळ्या. म्हणजे 15 ते 19 हे दिवस सगळ्यात गडबडीचे, आणि विद्यार्थ्यासाठी सगळ्यात मोलाचे. व्यापाऱ्याकडची खरेदीची बिलं आणि टूबीत आलेली बिलं एकेक करून जुळवायची असतात. एखादं बिल व्यापाऱ्याच्या फाइलमध्ये आहे पण टूबीत नाही, म्हणजे विकणाऱ्यानं ते दाखवलंच नाही किंवा चुकीचं दाखवलं. मग व्यापाऱ्याला त्या कराची वजावट मिळत नाही, फोन करावा लागतो, वाद होतो. पुस्तकातलं इनपुट टॅक्स क्रेडिट इथं माणसांच्या भांडणात दिसतं. ते बघायचं असेल तर दोन महिन्यांतले हे दिवस सापडतील अशी तारीख ठरवा. सलग 20 दिवसांऐवजी आठवड्याला तीन दिवस यायची मुभा कॉलेज देत असेल तर ती घ्या. जुलैअखेर पगारदारांचे रिटर्न आणि सप्टेंबरअखेर ऑडिट रिपोर्ट असतात. त्या दिवसांत नवशिक्याला शिकवायला कुणाला वेळ नसतो, तेव्हा नको.

पतसंस्थेत मार्चमध्ये वसुली जोरात असते. थकीत कर्जदाराला नोटीस कशी जाते, सहकार कायद्यातल्या कलम 101ची वसुलीची कारवाई कधी करतात, तडजोड कशी होते, हे तेव्हा कळतं. टेबलावर बसून कागद शिकायचे असतील तर एप्रिल-मे बरा. सहकारी संस्थेचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि कायद्यानं पुढच्या चार महिन्यांत ऑडिट पूर्ण व्हायला लागतं, त्यामुळे त्या काळात प्रत्येक खतावणी बाहेर निघते आणि प्रत्येक फरकाचं कारण शोधावं लागतं. मला विचाराल तर वाणिज्यच्या मुलासाठी याहून चांगली जागा नाही.

साखर कारखान्यात जायचं तर गळीत हंगामात जा, दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतो तो मार्चपर्यंत. काट्यावरची वजनाची पावती शेतकऱ्याच्या बिलापर्यंत कशी पोचते, तोडणी-वाहतुकीचा हिशोब कसा होतो, उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे असा 1966च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे तो पाळायला पैशांची जुळवाजुळव कशी करतात, हे सगळं हंगामातच दिसतं. हंगाम संपल्यावर यंत्रांची दुरुस्ती चालते. ती इंजिनिअरिंगच्या मुलांनी बघावी. बेदाण्याचं याच्या उलट. द्राक्षं वाळून नवा माल मार्चच्या सुमारास यायला लागतो आणि शीतगृहात जातो. सौदे वर्षभर चालत असले तरी उन्हाळ्यात गेलात तर आवक, साठा, शीतगृहाच्या पावतीवर मिळणारं तारण कर्ज आणि शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशोब) अशी पूर्ण साखळी हातात येते.

अर्ज कसा करायचा

स्वतः जा. वडिलांच्या मित्राचा फोन आधी आला की समोरचा माणूस भिडेपोटी हो म्हणतो आणि मग तुमच्याकडून काम करून घ्यायलाही संकोचतो. ओळख असेल तर ती पत्ता विचारण्यापुरती वापरा.

कधी जायचं, हेही बघा. कर सल्लागाराकडे महिन्याच्या 22 तारखेनंतर, बँकेत किंवा पतसंस्थेत दुपारी कॅश बंद झाल्यावर, अडतीवर सौदे आटोपल्यावर. आधी व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवा, आणि त्यात नुसतं "हाय मॅम" लिहून उत्तराची वाट बघत बसू नका. पूर्ण अर्जच पाठवा. मराठीत चालतो, माझ्याकडे तर मराठीतलाच जास्त आवडतो. असा काहीतरी:

"आदरणीय मॅडम, मी बी.कॉम. तृतीय वर्षात शिकते. मला 120 तासांची ओजेटी करायची आहे. जानेवारी आणि फेब्रुवारीत सोमवार, बुधवार, शुक्रवार 11 ते 5 येऊ शकते. टॅलीमध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी करता येतात. जीएसटी रिटर्न अजून फक्त पुस्तकात वाचलं आहे. घरी आमची पिठाची गिरणी आहे, तिचा रोजचा हिशोब मी वहीत लिहिते. खरेदीची बिलं टूबीशी जुळवायला शिकायची इच्छा आहे. सोबत कॉलेजचं पत्र आणि मागच्या सत्राची गुणपत्रिका जोडली आहे. 23 किंवा 24 तारखेला भेटायला येऊ का?"

यात वाचणाऱ्याला लागणारं सगळं आहे: कधी, किती वेळ, काय येतं, काय येत नाही, काय शिकायचंय, आणि उत्तर द्यायला सोपा असा प्रश्न. गिरणीचा हिशोब हा या अर्जातला सगळ्यात चांगला भाग आहे. तुमच्याकडेही असं काही असणार: गणपती मंडळाची वर्गणी लिहिली असेल, बचत गटाची वही आईसोबत भरली असेल, डेअरीतली फॅटची नोंद ठेवली असेल. मुलं हे लिहायला लाजतात आणि त्याऐवजी "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड" असं लिहितात. ते प्रत्येक अर्जात असतं, त्यावरून कुणाचंच काही कळत नाही. बायोडेटा एका पानाचा पुरे. त्यात जात, उंची, वडिलांचं उत्पन्न नको.

भेटायला आलेल्या मुलाच्या हातात मी एक बिल देते आणि काय दिसतं ते सांग म्हणते. सांगलीत बेळगावच्या व्यापाऱ्याचं बिल सहज मिळतं. जीएसटी नंबर 29नं सुरू होतो, म्हणजे कर्नाटक; आपला 27. म्हणून त्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी असे दोन कर न येता परराज्यातून आलेल्या मालावरचा आयजीएसटी हा एकच कर आला आहे. हे सांगता आलं तर छानच. नाही आलं तरी "या बिलावर एकच कर का आहे?" एवढं जरी विचारलं तरी मी त्या मुलाला ठेवून घेते. बहुतेक ऑफिसांत असंच चालतं. समोरच्याला तुमचे मार्क नको असतात, तुम्ही कागद नीट वाचता का हे बघायचं असतं. जाण्याआधी त्या धंद्यातला एक तरी कागद, बिल, पट्टी, पासबुक, जे मिळेल ते, घरी बसून ओळन् ओळ वाचून जा.

पैशांचं स्पष्ट विचारा. छोट्या ऑफिसात ओजेटीला मानधन सहसा मिळत नाही, पण एसटीचं भाडं मागण्यात गैर काही नाही. मुलींना महिलांच्या सवलतीमुळे अर्धं तिकीट पडतं. मुलांनी कॉलेजचा पास त्या मार्गावर चालतो का हे आधी बघावं. आणि मुलींनी, त्यांच्या घरच्यांनीही, हे निःसंकोच विचारावं: ऑफिसात आणखी कोण असतं, किती वाजता बंद होतं, बाहेरगावी पाठवणार का. 2013च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण प्रशिक्षणार्थींनाही आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असायलाच हवी, त्याहून लहान ऑफिसासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. या प्रश्नांनी रागावणाऱ्या ऑफिसात जाऊच नका.

पैसे मागणारे

इंटर्नशिप देतो म्हणून तुमच्याकडेच नोंदणी फी, किटचे पैसे किंवा डिपॉझिट मागणारा कुणीही असो, तिथून उठा. ऑनलाइन जाहिरातीत हे फार बोकाळलंय. खात्री करायची एक सोपी रीत सांगते. त्यांचा जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदात्याच्या शोधात टाका. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे समोर येतं. नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. त्यामुळे नंबरातलं सहावं अक्षर बघा: इंग्रजी 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी, 'पी' असेल तर एकट्या माणसाचा धंदा. स्वतःला प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणाऱ्याच्या नंबरात सहावं अक्षर 'पी' निघालं तर तो खोटं बोलतोय. लहान धंद्याला जीएसटी नोंदणी नसूही शकते, त्यात काही वावगं नाही. मग दुकान प्रत्यक्ष बघून या.

मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवायची नाही. आधारची प्रत मागितली तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या आणि तिच्यावर "फक्त ओजेटीसाठी" असं तारीख घालून लिहा.

सरकारी योजनांबद्दल मुलं नेहमी विचारतात. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि पंतप्रधान इंटर्नशिप योजना या दोन्ही 2024मध्ये सुरू झाल्या तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हत्या. कुणाचं ऐकून ओजेटी त्यांत धरू नका. अर्ज भरण्याआधी पात्रतेचं पान वाचा.

आत गेल्यावर

पहिला आठवडा कंटाळवाणा जातो. बिलं तारखेनुसार लावा, फाइलला पंच मारा, बँकेचं स्टेटमेंट टिक करा. हे काम हलकं नाही. बिलं लावताना तुम्हाला कळतं की कोणता व्यापारी कुणाकडून माल घेतो, महिन्याच्या कोणत्या दिवसांत विकतो, उधारी किती दिवस थांबते. दुसऱ्या आठवड्यात मात्र स्वतःहून एक काम मागा, आणि ते लहान पण पूर्ण असू द्या: एका व्यापाऱ्याची एका महिन्याची बँक जुळवणी, म्हणजे त्याच्या हिशोबाचा बँकेच्या स्टेटमेंटशी मेळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते तपासून घ्या. चुका लाल पेननं दाखवायला सांगा आणि तो कागद जपून ठेवा, अहवालात त्यातलंच लिहायचं असतं.

डायरी रोज, घरी जायच्या आधी लिहा. "आज टॅलीत एंट्री केल्या" याचा काही उपयोग नाही. "कापड दुकानाची खरेदीची बिलं टूबीशी जुळवली, तीन बिलं आली नव्हती, त्यातल्या एकावर जीएसटी नंबरचा आकडा चुकला होता, दुकानदाराला फोन करून दुरुस्ती कळवली" असं लिहिलंत तर तोंडी परीक्षेत तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. फक्त डायरीत आणि अहवालात ग्राहकाचं नाव, पॅन, रकमा लिहू नका. कापड दुकान, किराणा दुकान एवढंच पुरे. ऑफिसातल्या कागदांचे फोटो काढायचे नाहीत, स्टेटसला तर मुळीच ठेवायचे नाहीत. लोकांनी आपली मिळकत आमच्यापाशी विश्वासानं उघडी केलेली असते. या एका कारणावरून मी मुलांना मधेच थांबवलेलं आहे.

प्रमाणपत्राचा मजकूर शेवटच्या आठवड्यात स्वतः लिहून न्या, म्हणजे साहेबांना फक्त तपासायचा राहतो. लेटरहेडवर असावं, त्यात कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास, आणि केलेलं काम नाव घेऊन असावं: बँक जुळवणी, टूबी जुळवणी, जे केलं ते. सहीखाली सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पद हवं. दोन मूळ प्रती घ्या, एक कॉलेजला, एक तुमच्याकडे. पुढे नोकरीच्या अर्जात साहेबांचा फोन नंबर संदर्भ म्हणून दिलेला चालेल का, हे त्यांना त्याच दिवशी विचारून घ्या, आणि निघण्याआधी ऑफिसच्या माणसासमोर तुमच्या फोनमधल्या आणि पेनड्राइव्हवरच्या त्यांच्या फायली पुसून टाका.